रबरी बाळाचा डावा हात

हे कुणाला सांगायचं नाही, असं आत्यानं मला बजावलं होतं. पण पोटात ठेवून माझी झोप उडाली आहे, म्हणून लिहून काढते.

आत्या पूर्वी प्रसूती वॉर्डात नर्स होती. एकदा एका बाळाचा खांदा आत अडकला. ठोके मंदावले, आणि डॉक्टर अजून जिन्यातच होते. आत्यानं बाळ ओढून काढलं. ते वाचलं, पण मानेतली नस तुटून त्याचा डावा हात लुळा पडला. "तुझ्यामुळे जीव वाचला," सगळे म्हणाले. आत्यानं मात्र वॉर्ड सोडला आणि त्याच इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम धरलं. तुटलेल्या नसेची टोकं जोडायला तिथे आगकाडीएवढी मऊ नळी बनवतात. नस तिच्यातून वाढते आणि नळी पुढे विरघळून जाते.

नळी आधी चाचणीसाठी ठेवलेल्या रबरी बाळाच्या मानेत बसवायची, डोकं हळूहळू ओढायचं आणि पडद्यावर ताण बघायचा. दहांतली एक टिकली की बाकीच्या नऊ पास, अशी तिथली रीत.

त्या दुपारी एक नळी त्याच बाळासाठी जायची होती. दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन होतं. तपासलेली नळी छान टिकली. आत्या सही करायला वळली, तोच मागे यंत्र टिकटिकलं. पडद्यावर आकडा चढत होता. रबरी बाळाला कुणीच धरलं नव्हतं.

एक ओढ. थांबली. दुसरी. मग तिसरी, लांब, दातओठ खाऊन ओढल्यासारखी...

आत्यानं ती ओळखली. ती तिचीच होती, त्या प्रसूतीच्या वेळची. खोलीत वॉर्डातला कोमट, खारट वास भरला.

"सर... तुम्ही हात लावलात का?" तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं.

"मी इथे चहा पितोय, सिस्टर. वायर ढिली असेल. द्या एक चापट!"

आत्या रबरी बाळाजवळ वाकली. "काय सांगायचंय रे, राजा?"

आकडा शून्यावर आला. आत्यानं उद्याच्या नळीची सीलबंद डबी फोडली.

"अहो, ती नको! ती त्या बाळाची आहे!"

"म्हणूनच, सर."

निम्म्या ताणालाच नळी उभी चिरली. सरांचा कप हवेतच राहिला. "बाकीच्या आठही काढा," ते हळूच म्हणाले. त्यांतल्या पाच चिरल्या.

ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं. नळ्या नव्यानं केल्या. पुढे कितीतरी महिन्यांनी त्या बाळानं डाव्या हातानं आत्याचा चष्मा ओढला, आणि आत्या हसता हसता रडली.

त्याच दिवशी रबरी बाळाचा डावा हात लोंबायला लागला. स्प्रिंग बदलली, तरी उचलत नाही. सर म्हणतात, रबर जुनं झालं.

काल तिनं मला ते दाखवलं. मी त्या लुळ्या हाताचं मनगट धरलं. ते कोमट होतं, आणि माझ्या बोटाखाली काहीतरी बारीक, अगदी सावकाश...

आई हाक मारतेय. आले गं! एवढंच लिहिते, की मी हात सोडला तेव्हा त्यानं माझा हात घट्ट धर