सहाही मीटर फिरत होते

खोटं सांगून मला काय मिळणार? मी वायरमन आहे. जे पाहिलं तेच सांगतो.

मंगळवार होता. दुपारचे चार. सहा फ्लॅटची एक जुनी बिल्डिंग घेण्यासारखी आहे का, हे बघायला दादाने मला सोबत नेलं होतं.

त्याची नोकरी गेलेली. वहिनीच्या किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. राहतं घर विकून आलेला पैसा हातात होता. सहा भाडी सुरू झाली तरच तिचे उपचार चालणार होते.

"सगळे फ्लॅट भरलेत," मालक म्हणाला. पण तो गेटबाहेरच थांबला.

विकणारे रिकाम्या फ्लॅटलाही पडदे लावतात. म्हणून मी आधी मीटर बघतो. आत माणूस असला की चाक फिरतंच.

सहाही चाकं फिरत होती.

कित्येक महिन्यांनी दादाच्या चेहऱ्यावर रंग आला.

आम्ही एकेक दार वाजवलं. प्रत्येक दाराआडून उत्तर आलं, "भाडं वेळेवर देतो."

दार कुणीच उघडलं नाही.

जिन्यात ना चपला, ना टीव्हीचा आवाज, ना कुणाचं खोकणं...

मला राहवेना. खाली येऊन मी मीटरच्या बोर्डामागे बॅटरी मारली.

मेन वायर कापलेली होती. तांब्यावर हिरवा थर चढलेला. म्हणजे कैक वर्षांपूर्वीच.

आणि चाकं फिरतच होती...

मी दादाचा हात धरला. "दादा, चल इथून. वर कुणी राहत नाही."

"भाडं देतो म्हणाले ना?"

"अरे, पण कोण म्हणालं?"

त्याने वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात तुझ्या वहिनीला काय सांगू, तेवढं सांग."

दादाने सही केली.

त्याला वर्ष झालं. दर एक तारखेला दादाने भाड्याने घेतलेल्या खोलीच्या दाराखालून पैशांची सहा पाकिटं सरकवलेली असतात. वहिनी आता स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाते. मी कधी काही विचारलं नाही.

काल दादाचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

या वेळी पाचच पाकिटं आली म्हणे. वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झालाय. दार सताड उघडं आहे. आत स्वच्छ झाडून ठेवलंय...

"तू एकटाच असतोस ना रे," तो म्हणाला. "ये ना तिथं राहायला."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात फोनवर दादाच्या मागून वहिनीने विचारलं, "भाऊजी कधी येतायत?"

मी सामान भरायला घेतलंय.