नेसरीकर सरांची न सापडणारी पानं

"आपल्या संकेतस्थळावरची ४१२ पानं वाचता येत नाहीत. कृपया तपासा."

दिवाळीच्या तोंडावर हा संदेश भिंतीवरच्या पडद्यावर उमटला, तेव्हा शाल्मलीच्या हातात तापमापक होता. नऊ वर्षांच्या चार्वीला कणकण होती. दर दहा मिनिटांनी लेकीचं कपाळ चाचपणाऱ्या शाल्मलीनं तो संदेश बोटानं बाजूला सारला. पान उघडतंय ना, मग झालं तर, असं म्हणून ती विसरूनही गेली.

फेब्रुवारीत नेसरीकर सरांचा फोन आला. येत्या रविवारी 'आकाशाची वही' बंद करतोय, दुर्बीण शाळेला देऊन टाकतो, म्हणाले. चार महिन्यांत एकाही मुलाचा प्रश्न आला नव्हता.

गडहिंग्लजला सरांच्या गच्चीवर शाल्मलीचं अर्धं लहानपण गेलं होतं. डोळे दिपू नयेत म्हणून सर टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांधायचे, भडंगाचा पुडा हातोहात फिरायचा आणि ज्याला जे सुचेल ते त्यानं विचारायचं. सर ते प्रश्न नि त्यांची उत्तरं एका वहीत उतरवायचे, तीच 'आकाशाची वही'. वहीचं पहिलं पान तिच्याच प्रश्नाचं होतं: चंद्र दिवसा का दिसतो? कॉलेजात गेल्यावर तिनंच ती वही संकेतस्थळावर चढवली, आणि आता, २०५१ सालीही, तीच ते सांभाळत होती.

तिनं पत्ता टाकून पाहिला. पान लगेच उघडलं. मग शोधयंत्रात 'चंद्र दिवसा का दिसतो' असं विचारलं, तर सरांचं नावच नाही.

"पान आहे, पण सापडत नाही. असं कसं गं आई?" चार्वीनं विचारलं.

तोवर शोधयंत्रांचे क्रॉलर (जाळ्यावर फिरून पानं वाचणारे यंत्रदूत) माणसांशी बोलायला शिकले होते. शाल्मलीनं हाक दिल्यावर भिंतीवर पिवळा ठिपका आला. चार्वीनं त्याचं नाव फिरत्या ठेवलं आणि लगेच फैलावर घेतलं, तू आमच्याकडे येत का नाहीस म्हणून.

"दर आठवड्याला येतो," फिरत्या म्हणाला. "दारातूनच परत जातो. पाटी आहे ना तुमची."

मग त्यानं समजावून सांगितलं. आपण काही शोधतो, तेव्हा शोधयंत्र त्या क्षणी जगभर धावत नाही. क्रॉलरनं आधी वाचून ठेवलेल्या पानांची सूची ते चाळतं. ग्रंथालयात पुस्तक कपाटात आहे, पण यादीत नोंदच नाही, तर मागणाऱ्याला ते मिळणार कसं?

पाटी म्हणजे यंत्रदूतांसाठीच्या सूचनांची फाईल. तिच्यात लिहिलं होतं, काम चालू आहे, आत येऊ नये. शाल्मलीचा चेहरा उतरला. दर दिवाळीला घर झाडताना ती सरांचं संकेतस्थळही झाडायची. यंदा आवराआवरी करताना तिनं पाटी लावली, आणि चार्वीच्या तापात ती काढायची राहिली.

तिनं पाटी काढली. फिरत्या आत गेला आणि कुरकुरत परतला. झाडाझाडीच्या भरात तिनं पानांचे पत्तेही बदलले होते. शाळाशाळांनी मुलांना दिलेले दुवे मात्र जुनेच. तिथं गेलं की ४०४ (या पत्त्यावर पान नाही). उपाय होता पुनर्निर्देशनाचा (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर धाडण्याचा). घर बदललं की पोस्टात कळवतो, तसंच. घाईत शाल्मलीनं शनीचं पान गुरूकडे आणि गुरूचं शनीकडे धाडलं. ती ते दुरुस्त करेपर्यंत फिरत्या दोघांमध्ये गरगर फिरत राहिला आणि चार्वी पोट धरून हसली.

राहिले इशारे. अकरा पानांना शीर्षकच नव्हतं. चूक म्हणजे पान वाचताच येत नाही, इशारा म्हणजे वाचता येतं पण नीट उमगत नाही, असा फरक फिरत्यानं सांगितला. चार्वीनं शीर्षकं सुचवली. शेवटी शाल्मलीनं त्याला सगळ्या पत्त्यांचा नकाशा दिला.

"आता लगेच दिसेल?" चार्वीनं विचारलं.

"काही पानं दोन दिवसांत, काही तीन आठवड्यांनी. सूची भरायला वेळ लागतो."

रविवार तर तीन दिवसांवर होता. आता सरांना सांगणं भाग होतं. शाल्मलीनं दोनदा फोन उचलून ठेवला, तिसऱ्यांदा लावला.

"सर, मुलं तुम्हाला विसरली नव्हती. मीच दार लावून ठेवलं होतं."

"मला वाटलं, माझ्या उत्तरांत आता काही राहिलं नाही," सर म्हणाले. "जिना चढायचंही सोडलं होतं गं."

शाल्मलीला रडू आलं. या चार महिन्यांत तिनं लेकीचा ताप शंभरदा मोजला होता, सरांना फोन एकदाही केला नव्हता.

"बरं, रडू नकोस," सर म्हणाले. "दुर्बिणीची पेटी खिळे ठोकून बंद केलीय. ती उघडायला ये. चार्वीला आण, तुझ्याच्यानं खिळा निघायचा नाही."

रविवारी खिळे निघाले. बाराव्या दिवशी चंद्रपूरच्या एका मुलीनं विचारलं, शनीची कडी खाली का पडत नाहीत? सरांनी चार पानी उत्तर लिहिलं. त्यानंतर प्रश्न येतच राहिले.

ही गोष्ट वाचणाऱ्या मुलांकडे शाल्मलीचं एक मागणं आहे. तुमच्या ओळखीचं असं कोणी आहे का, जे पूर्वी खूप बोलायचं आणि हल्ली गप्प आहे? आज त्यांना एक फोन करून बघाल?