दक्षिणेकडची मावशी

भौतिकशास्त्राच्या चाचणीत मी एवढं लिहायचे, एवढं लिहायचे, की पुरवण्या आणायला शेजारच्या वर्गात माणूस धाडावा लागायचा. एकदा तर शिपाईदादांनी माझ्या धास्तीने रजाच टाकली. हसू नका पोरींनो, खरं सांगतेय! आणि गुण? कपाच्या तळाला उरलेल्या चहाइतके.

त्या दिवशी पुन्हा पुरवणी मागितली, तर ती घेऊन एक उंच, काटकुळा तरुण समोर उभा. बाहीला खडू लागलेला. प्रयोगशाळेत शिकवायला नवाच आलेला. चालताना असा डुलायचा, की दुपारपर्यंत पोरींनी त्याचं नाव ठेवलं – लोलक.

पेपर सुटल्यावर त्याने मला जिन्यात गाठलं.

"एवढ्या पुरवण्यांत लिहिलंस तरी काय?"

"दोरी, गोळा, गुरुत्वाकर्षण... सफरचंदसुद्धा!"

"प्रश्न होता – आंदोलनकाल काढा. काढलास?"

मी वेणीशी चाळा करत म्हटलं, "तेवढं... राहिलं."

तो हसला. अगं बाई, काय हसला! मी तिथेच नापास झाले.

मग कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी आमची शिकवणी. पुस्तक बंद, नुसते प्रश्न.

"आधी बघ, प्रश्न तुला काय करायला सांगतोय," तो म्हणायचा. "'सांगा' म्हटलं, की एका ओळीत सांगून गप्प बसायचं."

"गप्प? मी?"

"'दाखवा की' म्हटलं, तर उत्तर त्यांनीच दिलेलं असतं. तिथपर्यंतची वाट तू दाखवायची. 'कारण द्या' म्हटलं, की फक्त कारण. आणि काहीही झालं तरी जे दिलंय त्यावरूनच काढायचं. मनाचं घालायचं नाही."

मनाचं घालायचं नाही! आणि सांगत कुणाला होता?

माझं घर उत्तरेला, त्याची खोली दक्षिणेला. पहिल्याच संध्याकाळी तो दक्षिणेच्या बसमध्ये चढला, आणि त्याच्या मागोमाग मीही.

"तू इकडे कुठे?"

"मावशी राहते तिकडे. एकटीच असते हो बिचारी. रोज जावं लागतं."

अशी कुठली मावशी नव्हतीच. पण एकदा जन्माला आली ती वाढतच गेली. तिला संधिवात झाला. मग तिने पोपट पाळला. पोपट पाढे म्हणायला लागला, सतराच्या पाढ्याला अडखळायचा. लोलक सगळं मन लावून ऐकायचा. शेवटच्या थांब्यावर उतरून तो डुलत खोलीवर जायचा, आणि मी उलटी बस पकडून घरी आईची बोलणी खायचे.

पण बस वळणावर कलली, की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा...

"हे कुठलं बल हो?"

"बल नाही... जडत्व," तो समोर बघत म्हणायचा. कान मात्र लालबुंद!

मी पास झाले. एकही पुरवणी न घेता. आणि त्याच आठवड्यात त्याला दूरच्या गावी कायमची नोकरी मिळाली.

"उद्या सकाळी निघतोय," ओट्याशी उभा राहून तो म्हणाला. बोटांत खडू फिरवत होता. "तुला काही... विचारायचंय?"

इतकी वटवट करणारी मी, पण सरळ सांगायचा धीर होईना. मग म्हटलं, "आज मी प्रश्न घालते. एका मुलीचं घर उत्तरेला. ती रोज दक्षिणेच्या बसमध्ये बसते. कारण द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बघतच राहिला. ओठ जरासे हलले... मग त्याने खडू खाली ठेवला.

"कारण," तो हळूच म्हणाला, "तिची मावशी दक्षिणेला राहते."

बरोबरच होतं की! दिलं होतं त्यावरूनच काढलं होतं, मनाचं काही घातलं नव्हतं. मी नुसतं 'चूक' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एवढासा शब्द! पण मावशी खोटी ठरली असती, तर माझ्याजवळ लपायला उरलं काय असतं?

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "पूर्ण गुण."

"मावशींना नमस्कार सांग," म्हणाला, आणि गेला.

पुढे माझं लग्न झालं, संसार झाला. नवरा भला होता, तक्रार नाही. पण बसमध्ये खिडकीशी बसले, की मी अजूनही शेजारी थोडी जागा सोडते.

मागच्या वर्षी नातीला परीक्षेला सोडायला गेले होते. फाटकापाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस उभ्या उभ्या डुलत नातवाला बजावत होता, "आधी बघ, प्रश्न काय करायला सांगतोय." मी डुलण्यावरूनच ओळखलं. नातू आत गेला, तो वळला आणि त्यानेही ओळखलं.

"कशा आहात?" तूचं तुम्ही झालं होतं. "आणि... मावशी?"

"गेली."

"अरेरे. कधी?"

"तुम्ही गावाला गेलात ना, त्याच दिवशी."

"आणि पोपट?"

"तोही तिच्याबरोबरच."

तो डुलायचा थांबला. एवढ्या ओळखीत पहिल्यांदाच मी त्याला असा स्थिर उभा पाहिला.

"मला वाटलं होतं तसं," तो म्हणाला. "पण... दिलेलं नव्हतं."

आत घंटा झाली, पेपर सुरू झाला. आम्ही दोघं फाटकाबाहेर तसेच उभे.