दोन हजारांच्या आतलं हेल्मेट

दुकानात शिरले तेव्हा काउंटरमागं चेहरा नव्हता, हेल्मेट होतं. काळं, डोळ्यांपुढं चौकोनी काच असलेलं. आणि त्या काचेसमोर एक हात लायटर पेटवत होता, विझवत होता.

"या ना," हेल्मेट म्हणालं. "एक मिनिट... आत्ता काच काळी झालीय, तुम्ही दिसत नाही."

"मग मी आले ते कळलं कसं?"

"बूट वाजले पायरीवर. वाटलं, कोणी वेल्डर आला." त्यानं हेल्मेट वर केलं. घामानं कपाळाला चिकटलेले केस, हसरे ओठ, आणि मला बघून जरासे गोंधळलेले डोळे. "आला नाही... आली."

"वेल्डरच आली. पुढच्या आठवड्यात पाइपची परीक्षा आहे, हेल्मेट पाहिजे. दोन हजारांच्या आत. आणि आतून स्पष्ट दिसलं पाहिजे."

"दोन्ही एकदम?"

"जमत नसेल तर पुढच्या दुकानात जाते."

"अहो, बसा तरी," तो घाईघाईनं म्हणाला. मागं खुर्चीत चहा पीत बसलेले दुकानाचे मालक अकबरचाचा खुदकन हसले. "समर्थ, गिऱ्हाईक पक्कं आहे. सांभाळून."

मी पक्कीच होते. व्हायलाच लागलं होतं.

माझे बाबा, सावळीराम, सातपूरला ग्रिल आणि गेट बनवतात. त्यांच्या शेडमध्ये मी काम शिकले. पुढं आयटीआय केलं. बाबांकडं एका हातात रॉड आणि दुसऱ्या हातात दांड्याची काच धरून हातभर लांबूनच काम चालतं. पण अंबडच्या ज्या कंपनीत मला नोकरी हवी होती, तिथं पाइप जोडायचे असतात. एका हातात आग सोडणारी टॉर्च, दुसऱ्यात वितळवायची तार. काच धरायला तिसरा हात कुठून आणणार? हेल्मेट डोक्यावर चढवावंच लागतं. पहिल्या परीक्षेत मी कंपनीचं हेल्मेट घातलं आणि जोडाची रेघच हरवून बसले. तार एकीकडे, आग दुसरीकडे. नापास.

दुसरी संधी आठ दिवसांनी होती. तिसरी नव्हती. घरात सटाण्याचं एक स्थळ येऊन थांबलं होतं. माणसं चांगली, कांद्याचा व्यापार. फक्त त्यांनी आईला विचारलं होतं, "मुलगी ते ठिणग्यांचं काम सोडेल ना?" आणि आई म्हणाली होती, "परीक्षेत नाही झाली पास, तर सोडेल."

समर्थनं तीन हेल्मेटं पुढं मांडली. "किंमत शेवटी बघा. आधी हे घालून बाहेर बघा. तो टेम्पो कोणत्या रंगाचा दिसतो?"

"हिरवट."

"लाल आहे. आता हे घाला."

"लाल... लालच."

"ही काच रंग खरे दाखवते. वितळलेलं लोखंड आणि नुसतं तापलेलं लोखंड यातला फरक कळायला तेच लागतं. आणि हे पुढचे चार डोळे बघा. ठिणगी पडली की हेच काचेला काळी व्हायला सांगतात. स्वस्तात दोन असतात. पाइपवर काम करताना हात आडवा आला, की दोन्ही झाकले जातात आणि उजेड सरळ डोळ्यांत."

"मग रात्रभर डोळ्यांची आग, आणि वर बटाट्याचे काप."

"तुम्हालाही माहीत आहे ते?"

"मी ग्रिलवाल्याची मुलगी आहे."

अठराशेचं घेतलं. तिसऱ्या दिवशी परत आणलं. "नीट दिसत नाही." त्यानं न कुरकुरता दुसरं दिलं. सहाव्या दिवशी तेही परत आणलं.

"बेटी," अकबरचाचांनी चष्म्यावरून बघितलं, "तू हेल्मेट परत करायला येते, की आमच्या समर्थला बघायला?"

"चाचा, तुमचं हेल्मेट घातल्यावर कोणीच दिसत नाही. समर्थही नाही."

समर्थ खाली मान घालून आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. हे मात्र मला अगदी स्पष्ट दिसलं.

"ते वरच्या फळीवरचं द्या," मी म्हटलं. "नऊ हजारांचं. कानातलं मोडते."

त्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आज नाही देता येत... त्याची बॅटरी गेलीय. उद्या या."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मी रागारागानं निघाले.

त्या दिवशी एकादशी होती. एकादशीचं कीर्तन मी चुकवत नाही. घरात काहीही चालू असो, गंगापूर रोडच्या मंदिरात जाऊन बसलं की मनाची घडी नीट बसते. बायकांच्या शेवटच्या रांगेत जागा मिळाली. बुवांनी निरूपण थांबवून अभंगाची चाल धरली, टाळ उचलले गेले, आणि पखवाजावर अशी थाप पडली की सगळा मंडप सरळ होऊन बसला.

पखवाजामागं समर्थ होता.

पांढरा सदरा, कपाळावर बुक्का, डोळे मिटलेले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेल्या कणकेचा एक ठिपका त्याच्या अंगठ्यावर चिकटलेला. बुवा सांगत होते, देव भक्ताकडं कसा टक लावून बघतो... आणि मी भलतीकडंच टक लावून बसले होते. पांडुरंगानं माफ करावं.

आरती झाली, प्रसाद झाला. तो वाट काढत माझ्याजवळ आला.

"तुम्ही इथं?"

"दर एकादशीला असते. तुम्हीच नवे."

"नेहमीचे पखवाजी गावाला गेलेत. मला सांगावा आला."

"अंगठ्याची कणीक धुवा."

त्यानं अंगठा बघितला, मग लांबची शेवटची रांग बघितली. "तिथून दिसली?"

"दिसली म्हणून तर सांगतेय."

पुढच्या कीर्तनांचा छापील कागद त्यानं माझ्या हातात दिला. मी तो नेहमीसारखा हात लांब करून धरला, ट्यूबलाइटकडं तिरका केला, डोळे बारीक केले...

"संजना," तो हळूच म्हणाला. बिलावरचं माझं नाव पहिल्यांदाच तोंडानं घेतलं होतं. "नंबर किती आहे?"

"कसला नंबर?"

"एवढ्या लांबून कणकेचा ठिपका दिसतो, आणि हातातलं अक्षर दिसत नाही."

मला इतका राग आला की कागद चुरगळला. "तुम्हाला हेल्मेट विकता येत नाही, म्हणून माझे डोळे खराब?"

तो गप्प उभा राहिला. वाद घातला असता तर बरं झालं असतं. गप्प माणसापुढं खरं तेच बोलावं लागतं.

"आहे नंबर," मी म्हटलं. "दहावीपासून. चष्मा कपाटात असतो. बघायला लोक यायला लागले, तेव्हा आईनं ठेवून दिला. म्हणाली, लग्नानंतर घाल. न घालता इतकी वर्षं गेली, की मलाच वाटायला लागलं... नाहीच आहे नंबर."

"मग नऊ हजारांचं घ्या नाहीतर नव्वद हजारांचं. रेघ दिसणार नाही."

"विकायचं नाही का तुम्हाला?"

"चाचा ओरडतील. पण नाही विकायचं. जुना चष्मा चालेल?"

"त्या नंबरानं आता भागत नाही."

"नवा करायला टाकाच. पण त्याला चार दिवस लागतील, आणि तुमची परीक्षा परवा. सकाळी या. माझ्याकडं उपाय आहे."

सकाळी उघडायच्या वेळेलाच गेले. त्यानं मी पहिल्यांदा नेलेलं तेच अठराशेचं हेल्मेट काढलं. काचेच्या आतल्या बाजूला एक खाच होती. तिच्यात त्यानं बोटभर उंचीची, मोठं दाखवणारी एक पट्टी सरकवली.

"ही दीडची. घाला."

हेल्मेटमध्ये माझा श्वास मलाच ऐकू येत होता. त्यानं एक वेल्डिंगचा रॉड उचलला आणि कामाला लागतं तेवढ्या अंतरावर, वीतभर, माझ्यापुढं धरला. "यावर काय छापलंय?"

"मुंग्या."

त्यानं पट्टी बदलली. "पावणेदोनची. आता?"

"मुंग्या... पण ओळीत चालणाऱ्या."

तो हसला. तिसरी पट्टी त्यानं सरकवली. "ही दोनची. सावकाश बघा."

आणि अक्षरं उमटली. "सहा... शून्य... एक... तीन."

"अजून काय दिसतं?"

रॉडच्या मागं तो होता. इतक्या जवळून तो मला आजवर नुसता पुसटच दिसला होता. डाव्या भुवईत कांजिण्यांचा एक खड्डा. खालच्या पापणीला अडकलेला धुळीचा कण. आणि श्वास रोखून माझ्या उत्तराची वाट बघणारे डोळे...

"ते आज सांगणार नाही," मी हेल्मेटच्या आतून म्हटलं. "उद्या परीक्षा आहे."

"बरं... उद्यानंतर?"

"आधी पास होऊ दे."

पट्टीचे दीडशे आणि हेल्मेटचे अठराशे. दोन हजारांच्या आत. अकबरचाचांनी पैसे घेताना समर्थकडं बघून नुसती मान हलवली. "नऊ हजारांचं गिऱ्हाईक घालवलं पोरानं. माशाल्ला."

कंपनीत पाइप तिरका बांधलेला होता. साहेब म्हणाले, "घाई करू नका." मी केलीच नाही. मनात रामकृष्णहरी म्हटलं आणि मान झुकवून हेल्मेट खाली पाडलं. ठिणगी पडली, काच काळी झाली, आणि त्या काळोखात जोडाची रेघ दिसली. दोऱ्यासारखी बारीक. तिच्या टोकाला वितळलेल्या धातूचा लखलखता थेंब. पाइपला वळसा घालत मी त्या थेंबामागं गेले. पाठ भरून आली, गुडघे दुखले, पण रेघ सोडली नाही.

दुपारी त्यांनी जोडाची पट्टी कापली आणि यंत्रात घालून घोड्याच्या नालेसारखी वाकवली. साहेबांनी भिंग लावून बघितलं. तडा नव्हता. "सोमवारपासून या."

गेटवर बाबा स्कूटर लावून उभे होते. येतो म्हणून सांगितलं नव्हतं. मी ती वाकवलेली पट्टी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"एवढं सरळ मला नाही येत," ते म्हणाले. "सटाण्याला मी फोन करतो. नाही म्हणून."

"बाबा, मला जरा दुकानात सोडता?"

"कुठल्या?"

"हेल्मेटच्या."

"परत द्यायचंय का आता?"

"नाही बाबा. हे ठेवायचंय."

त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं, आणि पुढं काही न विचारता स्कूटर वळवली.

समर्थ पायरीवरच उभा होता, सकाळपासून असेल. मी वाकवलेली पट्टी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती नीट बघितलीही नाही.

"काल काय दिसलं, ते सांगायचं राहिलं होतं," मी म्हटलं. "भुवईतला खड्डा दिसला. आणि एक माणूस दिसला, जो मला महागाचं काही विकत नव्हता. मला तो आवडला. आयुष्यभर जवळून बघायचाय."

तो दाराच्या चौकटीला टेकला. "संजना... मी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो."

"सोमवारपासून मीही दुसऱ्याच्याच कंपनीत करणार आहे. आणखी काही?"

"आणखी... पहिल्या दिवशी हेल्मेट वर केलं, तेव्हापासून मला दुसरं काही दिसलंच नाही. एवढंच." तो चौकटीपासून सरळ झाला. "आज संध्याकाळी कीर्तन आहे. बुवांना सांगतो, दुसरा पखवाजी बघा. आईला घेऊन तुमच्याकडं येतो."

"कीर्तन सोडून आलास, तर दार उघडणार नाही."

"मग?"

"आज वाजव. माझ्या आईला घेऊन मीच येते, पुढच्या रांगेत बसवते. मुलगी बघायला लोक घरी येतात ना... आज आमच्याकडचे मुलगा बघायला येतील."

दुकानातून अकबरचाचांचा आवाज आला. "समर्थ, घरी जा, सदरा इस्त्री कर. दुकान मी बघतो."

स्कूटरवरून बाबा पहिल्यांदाच बोलले. "आणि हात नीट चालव, बाळा. हिच्या आईला ताल कळतो."