खूणसाखर

मिरजेच्या वृक्षनिदान केंद्रात आवटीकाकू तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि आता त्यांना या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. परसातला लोणच्याचा आंबा गेली नऊ वर्षं धड मरत नव्हता, धड जगत नव्हता. खोडात पोकळी, निम्म्या फांद्या वाळलेल्या, फळाचा पत्ता नाही. काकू त्याला ताक, गूळ, शेणकाला, महागडी टॉनिकं न चुकता देत होत्या. "वहिनी, तोडा ते, एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडेल," असं शेजारचे बापूसाहेब चौगुले पहिल्याच वर्षी बोलून गेले आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

"वाचवायचं की तोडायचं, एवढंच सांग बाई," काकू म्हणाल्या. "माझ्यात आता ठरवायचंही त्राण नाही."

डॉ. मुबीना अत्तारनं पडद्यावर खोडाचं ध्वनिलहरींनी काढलेलं चित्र आणलं. "पोकळीचं मनावर घेऊ नका, काकू. झाड जगतं ते सालीखालच्या पातळ थरावर. मला कोडं वेगळंच होतं. पानं थोडीफार साखर करताहेत, मग ती जाते कुठं? म्हणून सोमवारी पानांना खूणसाखर दिली."

"ती काय असते?"

"साधी साखरच, फक्त तिच्यातला कार्बन जरा जड. कुठंही गेली तरी आमचं यंत्र तिला ओळखतं. तुमच्या खोडात ती थांबलीच नाही. भिंतीपलीकडच्या झाडाची पानं मी तुलनेसाठी घेत होते. चौथ्या दिवशी ती त्यांत सापडली."

"बापूसाहेबांच्या आंब्यात?"

"दोघांची मुळं भिंतीखाली जुळून एक झालीत. सालीतून खाली उतरेल ते चार दिवसांत तिकडं पोचतं. ते झाड फळ कधीपासून धरतंय?"

"आमचं थांबलं त्याच साली." ते झाड त्यांनीच दिलेल्या आंब्याच्या कोयीचं होतं. आता सगळी गल्ली त्याच्याच कैऱ्यांचं लोणचं घालायची. काकूच तेवढ्या हट्टानं बाजारातून कैऱ्या आणायच्या.

"मग राहू द्या की," मुबीना म्हणाली. "टेकू देऊ. देतंय तोवर देऊ द्या."

"उतरेल ते सगळं जातं म्हणालीस. औषधसुद्धा?"

"सगळं."

काकूंनी डोळे मिटून घेतले. "काल मी साल तासून तणनाशक चोपडलं. तुझ्या निकालाची वाट बघवेना. आपोआप मेलं तर ठरवायला नको, असं वाटलं. फार थकले गं."

मुबीना रागावली नाही. तिनं फक्त तारीख पाहिली. "विष पलीकडच्या झाडात पोचायला अजून तीन दिवस आहेत. भिंतीलगत चर खणून मुळांचा जोड तोडायला हवा. तुमच्या झाडाची बाकीची मुळं कुजलीत, जोड तुटला की ते उभं राहणार नाही. म्हणून आधी तेच उतरवायचं. आजच."

काकूंना रडू फुटलं. नऊ वर्षांत एकदाही न लावलेला नंबर त्यांना तोंडपाठ होता.

"वहिनी?" पहिल्याच रिंगला पलीकडून आवाज आला. "काय झालं?"

"बापूसाहेब, करवत घेऊन या," काकू म्हणाल्या. "झाड वाचवायचंय."