शिडीखालून काढलेले फोटो

"एकवीस झाले," शिडीवरून आवाज आला.

तिने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. "काय एकवीस?"

"फोटो. माझे. न विचारता काढलेले."

शिडीवर एक पेंटर होता. शिंप्याच्या दुकानाची पाटी रंगवत होता. वळूनही न बघता त्याने हे सांगितलं, म्हणून ती जास्तच भडकली.

"रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?"

"रस्ता नाही हो. पण चेहरा आहे ना."

आता याला काय म्हणावं! ती तडक उठली, गुडघ्याची धूळ झटकली आणि पाय आपटत निघून गेली. घरी तिला ठिणगी म्हणत. नाव दादाने ठेवलं होतं, आईने कायम केलं, आणि ते चुकीचं आहे असं तिच्या शत्रूनेही म्हटलं नसतं. चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे नंबर तपासायची. "खालची ओळ वाचा" हे दिवसातून शंभरदा म्हणताना मात्र तिचा आवाज लोण्यासारखा असे. सगळा राग बाहेरच्या जगासाठी राखून ठेवलेला.

आणि महिनाभरापूर्वी तिने आयुष्यातला पहिला एसएलआर कॅमेरा घेतल्यापासून तर जगाने तिला चिडवायचा विडाच उचलला होता. ज्याला त्याला तिला शिकवायचं होतं. दादा शिकवायचा, शेजारचे काका शिकवायचे, बसमधला अनोळखी माणूसही "लेन्स कुठली?" म्हणून मान तिरकी करायचा. खरा शिक्षक एकच होता, रविवारच्या वर्गाचे सर. त्यांनी काम दिलं होतं, "लांबच्या प्रवासाला जाण्याआधी आपल्याच शहरात प्रवासी होऊन फिरा. जे रोज दिसतं ते पहिल्यांदा बघा."

घरी येऊन तिने फोटो बघितले. एकवीसच्या एकवीस बिघडलेले! दुकान तिरकं, आणि पेंटरचा हात म्हणजे नुसता धुरकट पट्टा.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. माफी मागायला नव्हे. फोटो नीट काढायला. असं तिने स्वतःला तीनदा बजावलं.

"आज तरी विचारणार का?" पेंटर आता शेजारच्या दवाखान्याच्या पाटीवर होता.

"काढू का?" तिने दात आवळून विचारलं.

"आधी मागचे दाखवा."

तो खाली उतरला. कपाळावर निळा ठिपका, कानामागे ब्रश. कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघताना त्याच्या बाहीला टर्पेंटाइनचा वास येत होता, आणि तो तिला आवडला, याचाही तिला राग आला.

"माझा हात कुठं गेला?"

"तुम्ही हलवलात!"

"मी हात हलवतो म्हणून तर पोट चालतं. पण दुकान कुणी हलवलं?"

तिला हसू फुटणार होतं… तिने ते गिळलं.

"कोपर हवेत असतं तुमचं," तो म्हणाला. "बरगडीला टेकवा. लांब रेघ ओढताना मी श्वास अर्धा सोडतो, थांबतो, मग ब्रश टेकवतो. करून बघा."

आणखी एक शिकवणारा! पण तिने करून बघितलं. शटरचा वेगही वाढवला. कोपर बरगडीला, श्वास अर्धा बाहेर… खट्. दवाखाना सरळ उभा होता, आणि पेंटरच्या बोटांवरच्या सुरकुत्याही मोजता आल्या असत्या.

"आला?"

"आला," ती म्हणाली. मग उगाचच, "तुमच्यामुळे नाही."

"छे, छे. माझा काय संबंध!"

त्यानंतरचे किती रविवार गेले, हे दोघांनीही मोजलं नाही. तो रंगवायचा, ती काढायची. एकदा भर उन्हात पावसाची सर आली. ओल्या रंगाची पाटी वाचवायला त्याने ताडपत्री ओढली, तिने कॅमेरा जॅकेटच्या आत लपवला, आणि दोघं त्याच ताडपत्रीखाली खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तिला तो काहीतरी बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "या दमट हवेत पिवळा रंग वाळत नाही." घरी जाईपर्यंत ती त्या पिवळ्या रंगावर धुसफुसत होती.

वर्ग संपला तेव्हा वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. सरांनी तिचा फोटो समोरच्या भिंतीवर लावायचं ठरवलं. त्यात पेंटर श्वास रोखून अक्षराचं शेवटचं वळण पुरं करत होता, आणि ओठ थोडे उघडे होते, लहान मुलासारखे. तिने त्याला स्वतः जाऊन बोलावलं. "या हं. नक्की." तो धुतलेला शर्ट घालून, धाकट्या बहिणीला घेऊन आला.

ती दुकानातून जरा उशिराच पोचली. दोघं फोटोसमोर उभे होते. पेंटर फोटोकडे नाही, त्याखालच्या कागदाकडे बघत होता. मग त्याने तो मोठ्याने वाचला.

"अखेरचा कारागीर. निरक्षर हातांची, उपाशी पोटाची आणि मरत्या कलेची करुण कहाणी."

"दादा," बहीण गोंधळून म्हणाली, "आपण उपाशी कधी होतो?"

तो वळला. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "अक्षरांवर जगतो मी. चार महिन्यांची कामं हातात आहेत. आणि तुम्हाला मी असा दिसलो होय?"

"मी नाही लिहिलं ते—"

पण तो बहिणीचा हात धरून निघूनही गेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर पाहुण्यांना फोटो समजावत होते. ती सरळ त्यांच्यात घुसली.

"सर, हे कुणी लिहिलं?"

"मीच. अगं, फोटोला गोष्ट लागते. त्याशिवाय लोक थांबत नाहीत."

"गोष्ट आणि थाप यात काही फरक? तुम्ही त्याला कधी भेटलात? एकदा तरी विचारलंत, बाबा रे, जेवलास का?"

"हळू बोल." सरांनी पाहुण्यांकडे बघत हसून घेतलं. "हाच फोटो, याच ओळींसकट, मी प्रवासाच्या मासिकाला पाठवलाय. त्यांनी घेतलाय. पहिल्याच कॅमेऱ्यावर छापून येणं म्हणजे काय, कळतं तुला?"

कळत होतं. छापलेलं पान आईला दाखवायचं, दादाच्या नाकासमोर धरायचं… किती रात्री याच विचारात झोप लागली होती.

तिने हात वर केला आणि फोटो भिंतीवरून उतरवला.

"मासिकाला कळवा, फोटो मागे घेतलाय. नाहीतर मीच कळवते."

"मूर्खपणा आहे हा!"

"असेल. पण फोटो माझा आहे, तर मूर्खपणाही माझाच असू दे."

मासिकाला तिने त्याच संध्याकाळी पत्र टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ती पेंटरला शोधत निघाली. तो फुलवालीच्या दुकानावर पाटी रंगवत होता. "ताजी फुलं मि" इथपर्यंत आला होता. तिला बघून त्याने मान फिरवली.

बस. एवढंच व्हायचं राहिलं होतं.

"खाली बघा!" ती ओरडली. "त्या ओळी सरांनी लिहिल्या. मी फोटो उतरवला, मासिकातूनही काढून घेतला. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही? इतके रविवार ओळखता मला, आणि एक शब्द ऐकून न घेता चालते झालात? मी तसं लिहीन असं वाटलंच कसं तुला?"

ब्रश थांबला. "मला 'तू' म्हणालीस."

"म्हणाले! काय करायचं ते कर!"

"मला वाटलं," तो हळू म्हणाला, "सगळ्यांना तसाच दिसत असेन मी. फक्त तुला तसा दिसू नये, एवढंच हवं होतं… म्हणून जास्त लागलं."

"मग हे ताडपत्रीखाली सांगता आलं नाही? पिवळा रंग वाळत नाही म्हणे! मला तू आवडतोस, कळलं? खूप दिवसांपासून आवडतोस. आणि हे मला भर रस्त्यात, शिडीखाली उभं राहून, मान वर करून ओरडावं लागतंय, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतोय!"

फुलवाली दारात आली, कमरेवर हात ठेवून. "अहो पेंटर, ऐकू आलं नाही का? उतरा की खाली!"

तो उतरला. शेवटच्या पायरीवर दोघांचे चेहरे समोरासमोर आले. त्याच्या हातावरचा हिरवा रंग अजून ओला होता, तरी तिने तो हात धरला.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. नाहीतर कुणी दुसऱ्याने काढलेले फोटो मोजत बसतं का?"

"मग बोलायचं नाही?"

"तू बोलायला जागा ठेवलीस का?"

यावर ती जे बोलायला लागली ते चहाचे दोन कप संपेपर्यंत बोलतच राहिली, आणि तो हसत हसत सगळं ऐकत राहिला. पाटी मात्र तीन दिवस "ताजी फुलं मि" अशीच लटकत होती. येणारंजाणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "मि म्हणजे काय हो?" आणि फुलवाली दर वेळी हातातला गुच्छ आपटून म्हणायची, "मला काय विचारता? त्या दोघांना विचारा!"