नऊ नंबर घरी आला

मार्च संपत आला तरी सॅस्कटूनच्या नदीवरचा बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. त्याच आठवड्यात थ्रेशर्स संघाने ड्वाइट फॉन्टेनोला परत घेतल्याची बातमी फुटली आणि गाव वेडं व्हायचं तेवढं बाकी राहिलं. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल बॉलचा, अंगावर चिलखत चढवून खेळायचा. आणि त्यात क्वार्टरबॅक म्हणजे घरातला कर्ता माणूस. बॉल आधी त्याच्या हातात, मग बाकीच्यांच्या. फॉन्टेनोने या गावाला कप जिंकून दिला होता आणि मग चार पैसे जास्त मिळतात म्हणून सीमेपलीकडे अमेरिकेत निघून गेला होता. आता सदतिसाव्या वर्षी, खांदा शिवून घेऊन, तो परत येत होता. बेकरीवाल्यांनी केकवर त्याचा नऊचा आकडा काढला. पुलाच्या कठड्याला कुणीतरी पलंगावरची चादर बांधली आणि तिच्यावर हिरव्या रंगाने लिहिलं, ‘नऊ नंबर, घरी ये’.

ओरेस्ट हावरिलुक रोज त्या पुलावरून गाडी घेऊन जायचा आणि रोज ती चादर वाचायचा. मधल्या काळात नऊ नंबर आणखी एकाने घातला होता. गाव ते विसरलं होतं असं नाही, पण आनंदाच्या भरात तेवढं कोण लक्षात ठेवतं?

तो दुसरा म्हणजे ओरेस्टचा धाकटा भाऊ, डॅनिलो. दोन वर्षं तो फॉन्टेनोच्या मागे बाकावर बसून होता. मोसम संपत आला असताना फॉन्टेनो गेला तेव्हा त्याची जागा आणि त्याचा शर्ट डॅनिलोला मिळाला. मोजून तीन सामने खेळला पोरगा. तिसरा सामना संपवून तो हॅफर्डजवळच्या शेतावर, आईकडे जेवायला निघाला. नोव्हेंबरचा महिना, रस्त्यावर डोळ्याला न दिसणारा काळा बर्फ, समोरून ट्रक. ओरेस्ट मागून दुसऱ्या गाडीने येत होता, म्हणून आधी त्यालाच दिसलं. आईने ताट झाकून ठेवलं होतं. ते तिने दोन दिवस उचललं नाही.

तेव्हापासून नऊ नंबरचा शर्ट क्लबच्या कपाटात होता. फॉन्टेनोला तो परत द्यायचा म्हणून क्लबचा मॅनेजर स्वतः शेतावर आला, टोपी हातात घेऊन. त्याला विषय काढता येईना. शेवटी आईनेच त्याची सुटका केली.

“द्या हो,” ओल्हाबाई म्हणाल्या. “कपाटात लटकून त्याला काय ऊब मिळणार आहे? कुणाच्या तरी अंगावर असू दे.”

आता ओरेस्टचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो सेंटर. मैदानाच्या मधोमध ओणवं व्हायचं, जमिनीवरच्या बॉलवर हात ठेवायचा. क्वार्टरबॅक मागून येतो, तुमच्या दोन मांड्यांच्या मध्ये आपले पंजे टेकवतो आणि हाक देतो. हाकेसरशी बॉल त्या पंजांत द्यायचा. हाक येईपर्यंत सेंटरने तसूभर हलायचं नाही. हलला की दंड. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण पोटापाण्याचे धंदे याहून चमत्कारिक असतात. मागे कोण आहे ते सेंटरला दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. अंधारात आपल्या घरातला जिना पायाला ओळखू येतो, तसे ओरेस्टला हात ओळखू यायचे. हल्ली बहुतेक क्वार्टरबॅक लांब उभे राहून बॉल मागतात. फॉन्टेनो जुन्या वळणाचा होता, चिकटून उभा राहणारा.

मे महिन्यात सराव सुरू झाला.

“काय रे म्हाताऱ्या, अजून वाकता येतं का?” फॉन्टेनोने विचारलं.

“वाकता येतं, उठता येत नाही. तू आलायस ना आता उचलायला.”

“मला उचलायला कोण आहे?”

दोघं हसले. ओरेस्ट वाकला, फॉन्टेनोने हात टेकवले. मोठे, गरम, जरा अधीर पंजे. तेच ते. ओरेस्टला बरं वाटलं.

जूनमध्ये घरच्या मैदानावर पहिला सामना होता. ऊन असं की चिलखताच्या आत अंग शिजत होतं. संघ बाहेर आला तेव्हा सगळं मैदान उभं राहून एका सुरात ओरडत होतं, “नऊ नंबर, घरी ये! नऊ नंबर, घरी ये!” माणसं रडत होती. ओरेस्ट वाकला, बॉलवर हात ठेवला, आणि मागून हात टेकले.

ते गार होते. हिवाळ्यात मोटारीचं दार उघडताना धातू लागतो तसे गार. आणि उजव्या मांडीला आतून करंगळी टोचत होती, ताठ, न वाकणारी.

डॅनिलो नऊ वर्षांचा असताना धान्य चढवायच्या यंत्राच्या पट्ट्यात त्याची करंगळी सापडली होती. ती जुळली, पण पुन्हा वाकली नाही. गोठ्यामागे दोघं भाऊ खेळायचे तेव्हा ती ओरेस्टला टोचायची आणि तो करवादायचा, “ते लाकूड बाजूला घे की!” डॅनिलोला तेवढंच हवं असायचं. तो आणखी टोचायचा.

हाक आली. आवाज फॉन्टेनोचाच होता. ओरेस्टने बॉल दिला, समोरच्याला छातीने रेटलं, आणि शिट्टी झाल्यावर वळून पाहिलं. फॉन्टेनो उभा होता, कपाळावरचा घाम पुसत.

ओरेस्ट भुताखेतांत रमणारा माणूस नव्हता. त्याने आधी डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाले, कमरेतली शीर दबली असेल, त्यामुळे गार लागतं, टोचतं. मग त्याच्या गुडघ्याचे फोटो दाखवून म्हणाले, “पण शीर राहू दे. हा मोसम शेवटचा समज. पुढच्या वर्षी खेळलास तर काठी घेऊन चालशील, तेसुद्धा नशीब असेल तर.”

ओरेस्टने सहज म्हणून फॉन्टेनोशी हात मिळवला आणि करंगळी चाचपली. ती व्यवस्थित वाकत होती. सामन्याचं चित्रण त्याने चार वेळा पाहिलं, पण हात टेकतात ती जागा कुठल्या कॅमेऱ्याला दिसणार?

बाहेरगावच्या मैदानांवर काहीच होत नव्हतं. तिथे गरम, अधीर पंजे. घरी आलं की लोक ती हाक द्यायचे, आणि मग गार हात. जुलै गेला, ऑगस्ट गेला. खरं सांगायचं तर ओरेस्टला भीती वाटत नव्हती. त्याला आनंद व्हायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी तो जेवायचा नाही. इतकी वर्षं ज्याच्या नावाची मेणबत्ती लावली, तो हाताच्या अंतरावर येऊन उभा राहत होता. फक्त वळून बघायची सोय नव्हती. त्याने मॅनेजरला सांगून टाकलं, पुढच्या वर्षीही मी खेळणार. गुडघा गेला तर जाऊ दे.

आईला मात्र त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. दर रविवारी शेतावर जायचा, पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, खायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा आणि निघून यायचा.

इकडे फॉन्टेनोचं काही खरं नव्हतं. घरच्या मैदानावर त्याच्या हातून बॉल निसटायला लागला. ज्या लोकांनी चादरी रंगवल्या होत्या तेच आता त्याला ऐकवत होते, की बाबा, हात अमेरिकेत विसरून आलास काय. प्रशिक्षक म्हणाले, यापुढे लांब उभा राहून बॉल घे. ओरेस्ट त्यांच्याशी असा भांडला की सगळे बघत राहिले आणि प्रशिक्षकांनी तो नाद सोडला.

त्या दिवशी सराव संपल्यावर फॉन्टेनो कॉफीचे दोन पेले घेऊन ओरेस्टच्या गाडीत येऊन बसला.

“माझ्यासाठी भांडलास?” त्याने विचारलं.

“नाही.”

“तेच म्हटलं.” त्याने पेल्याचं झाकण काढलं, परत लावलं. “एक विचारू? हसू नकोस. तू बॉल देतोस तो सरळ माझ्याकडे येतो का?”

“मग कुणाकडे येणार?”

“मध्ये कुठेतरी थांबून येतो. कुणीतरी आधी धरतं आणि मग मला देतं. नाखुशीने देतं. आणि बॉल गार झालेला असतो, ओरेस्ट. भर उन्हात.”

ओरेस्टने स्टिअरिंग घट्ट धरलं.

“मी आलो तेव्हा वाटलं, हे सगळे मला हाक मारतायत,” फॉन्टेनो म्हणाला. “आता वाटतं, त्यांच्या हाकेला दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली. त्या पोराने दोन वर्षं माझ्यामागे बसून काढली. मी त्याला कधी एक सामनासुद्धा पुरा खेळू दिला नाही.”

“त्याचा राग नव्हता तुझ्यावर.”

“तुला काय माहीत?”

ओरेस्टला माहीत नव्हतं. तेरा वर्षं एका खोलीत झोपूनही त्याने भावाला हे कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला तोंड समोर नव्हतं, फक्त हात होते. त्याला तिथेच रडू फुटलं. फॉन्टेनो दुसरीकडे बघत कॉफी पीत राहिला.

घरचा शेवटचा सामना ऑक्टोबरअखेरीस झाला. बर्फ भुरभुरत होता आणि मैदान दगडासारखं कडक झालं होतं. लोक निम्मेच आले होते, पण जे आले ते शेवटचं म्हणून घसा फोडून ओरडले.

सामना संपत आला होता. ओरेस्टचा गुडघा मघाशीच कटकन वाजला होता. तो बाहेर गेला नाही. तो वाकला.

हात लगेच टेकले नाहीत. आधी कमरेवर दोन थापा पडल्या. टप, टप.

गोठ्यामागे अंधार पडायला लागला आणि आईने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली की डॅनिलो अशा दोन थापा मारायचा. म्हणजे हा शेवटचा. आता घरी चल.

मग गार हात टेकले. करंगळी टोचली, यावेळी अगदी हळू. बर्फ बॉलवर पडत होता. ओरेस्टला समोरचं काही दिसत नव्हतं.

हाक आली. त्याने बॉल दिला.

त्याला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा फॉन्टेनो शेजारून चालत होता. तो खाली वाकून म्हणाला, “तुझ्यानंतर तो नवा पोरगा तुझ्या जागी वाकला ना, त्याचा बॉल सरळ आला. मध्ये कुणी नव्हतं. गेला तो, ओरेस्ट.”

ओरेस्टने मान हलवली. निरोपच होता तो. निदान या खेपेला निरोप तरी घेतला, असं मनाशी म्हणत त्याने डोळे मिटले. आठवड्याभराने त्याने मॅनेजरला फोन करून सांगितलं, बस झालं, मी थांबतो.

सहा जानेवारीला नाताळची आदली संध्याकाळ, त्यांच्या वाडवडिलांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे. फॉन्टेनो खांद्याच्या उपचारांसाठी गावातच राहिला होता. लुइझियानात, अमेरिकेतल्या त्याच्या मूळ प्रांतात, आता त्याचं कुणी उरलंही नव्हतं. ओल्हाबाईंनी त्याला जेवायला बोलावून घेतलं. टेबलावर बारा पदार्थ, मधोमध मध आणि खसखस घातलेला कुत्या, म्हणजे गव्हाची खीर. चार जागा मांडल्या होत्या. चौथी दरवर्षी मांडायच्या ती.

“बसायच्या आधी खुर्चीवर फुंकर मार,” त्यांनी फॉन्टेनोला सांगितलं.

“का हो, मॅडम?”

“आज आपली गेलेली माणसं जेवायला येतात. कुणी आधीच बसलेलं असेल तर अंगावर बसशील त्याच्या.”

फॉन्टेनोने हसू आवरून फुंकर मारली. ओल्हाबाईंनी आपल्या खुर्चीवर मारली. मग चौथ्या खुर्चीपाशी जाऊन थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“या वर्षी खुर्ची रिकामी वाटते,” त्या म्हणाल्या. “दरवर्षी नाही वाटत अशी.” आणि पदर लावावा तसा ॲप्रन डोळ्यांना लावला. “ओरेस्ट, गवत राहिलं बघ.”

टेबलाखाली मूठभर सुकं गवत पसरायचं, हे घरातल्या मोठ्या मुलाचं काम. ओरेस्टने काठी भिंतीला टेकवली, गवत घेतलं आणि टेबलाशी ओणवा झाला. गुडघ्यातून कळ गेली. त्याने एक हात जमिनीवर टेकला. टेबलाच्या पलीकडे फॉन्टेनोचे बूट दिसत होते, आईच्या लोकरी चपला दिसत होत्या.

मागून कमरेवर दोन थापा पडल्या.

घरी चल, असं म्हणाला होता तो. जातो, असं नाही.

मग हात टेकले. गार, ओलसर. करंगळी ताठ.

वर फॉन्टेनो आईला काहीतरी विचारत होता आणि आई सांगत होती. कुत्याचा गोड वास येत होता. ओरेस्टचा गुडघा थरथरायला लागला होता, गवत मुठीत चुरगळलं होतं.

“ओरेस्ट,” आई म्हणाली, “पहिली चांदणी उगवली रे, आता जेवायला बसायचं. किती वेळ लावतोस? ऊठ की आता.”

तो हलला नाही. हाक अजून आली नव्हती.